उत्तर कोणी द्यायचं

माझा लहाना भाऊ झोपून राहू लागला तेव्हा घरात काहीच झालं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण जो येई तो हेच विचारी, झालं काय? कोणी मेलं नाही, दुकान बुडालं नाही, त्याचा पोरगा पुण्यात नोकरीला, सून चांगली. तरी माणूस खाटेवर पडला तो पडला.

अल्लीपुरात आमचं किराणा दुकान आहे. मागं घर, पुढं दुकान, मधात एक भिंत. मी गल्ल्यावर अन् तो काट्यावर, ही वाटणी आम्हाला मिसरूड फुटायच्या आधीची. भाव मी सांगायचा, माप त्यानं करायचं. होळी झाल्यावर एक दिवस तो म्हणाला, आज येत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. मग म्हणणंही बंद झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ताप नाही, खोकला नाही. ताट पुढं ठेवलं तर खायचा, नाही तर नाही.

मी चौथी शिकलेला, पण माणसं भरपूर पाहिलेली. पहिल्यांदा मला वाटला आळस. मग वाटलं, कोणी काही करणी केली. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, म्हणाले, हा मनाचा आजार आहे. गोळ्यांसोबत बोलणंही लागेल, त्यासाठी घरी एक सोशल वर्कर येत जाईल. बोलायचा पगार मिळतो हे मला तेव्हा कळलं.

पुतण्यानं फोनवर सांगून टाकलं, "मोठे बाबा, दिवाळीपर्यंत पाह्यतो. फरक नाई पडला त बाबाले अन् आईले पुण्याले घेऊन जातो."

पुण्याला गेलेलं माणूस अल्लीपुरात फक्त लग्नाला येते. मला तो भाऊ इथंच पाहिजे होता, दुकानात, माझ्या बाजूला.

ती सोशल वर्कर पोरगी पावसाळ्यात येऊ लागली. सिंदी मेघे गावची, माझ्या नातीच्या वयाची. एसटीनं यायची, खाटेजवळ खुर्ची ओढून बसायची. मीही बसायचो. घरात परकं माणूस आलं तर मोठ्या भावानं बसलंच पाहिजे.

"काकाजी, कसं वाटून राह्यलं आज?" ती भावाला विचारायची.

"बरा हाय तो," मी सांगायचो.

"झोप लागते?"

"घोरते चांगला."

"जेवण?"

"एक भाकर. आधी तीन खाये."

ती त्याच्याकडे पाहायची, तो भिंतीकडे, अन् मी तिच्याकडे. आमच्या घरची रीतच आहे, मोठा भाऊ बसला असता लहाना तोंड उघडत नाही. त्याचं लग्न जुळत होतं तेव्हा पोरीच्या मामानं त्याला विचारलं, पोरगी पसंत आहे का? हो मीच म्हणालो. तो बाजूलाच बसला होता.

पण या पोरीचं मला नवल वाटे. ना औषध देते, ना उपदेश करते. आमच्याकडे आजारी माणसापाशी बसलेला प्रत्येक जण काही तरी सांगून जाते, हे खा, तिथं दाखव, अमक्या देवाले जा. ही काहीच सांगत नव्हती. एकदा चहा पिता पिता मी विचारलं, "बाई, तुमाले कॉलेजात शिकवते तरी काय?"

"कॉलेज झालं काकाजी. पण शिकणं चालूच हाय. दर महिन्याले आमी सगळे वर्ध्याले जमतो. कोणाचं काम कुठं अडलं ते शिकवणाऱ्या मॅडमले सांगतो. मग एकमेकावर सराव करतो. एक पेशंट होते, एक विचारते, तिसरा नुसता पाह्यते. त्यानं बोलायचं नाई."

"बोलणं शिकाले वर्ध्याले जावं लागते?"

"बोलणं येते काकाजी. चूप बसणं जमत नाई."

मला हसू आलं. चूप बसायचा सराव! मग आमचा भाऊ तर मास्तरच झाला असता तिथं.

पुढच्या खेपेला आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. म्हणाली, "मॅडमनं पकडलं मले. तुमच्या घरचं सांगितलं मी तिथं. नाव नाई सांगत आमी, गावही नाई, नुसतं काम सांगतो. मॅडमनं सगळं ऐकलं अन् विचारलं, हे तुले पेशंटनं सांगितलं का? मी म्हटलं, मोठ्या भावानं. तर म्हणाल्या, मग पेशंटचा आवाज तरी ऐकला का तू?"

"मंग? मी काय खोटं सांगतो?"

"तुमी खरंच सांगता. पण माह्यं शिकणं अडून राह्यलं. थोडी मदत कराल का?"

मदत मागणाऱ्याला नाही म्हणणं आमच्या दुकानाला शोभत नाही. तिनं सांगितलं, तुम्ही पेशंट व्हा, मी विचारते, खाटेवरचे काकाजी नुसते पाहतील. मी म्हटलं, मी कोणता पेशंट? तर म्हणाली, "तुमच्या भावासारखा. त्याहीचं सगळं तुमालेच माहीत हाय." मग खाटेकडे वळून म्हणाली, "काकाजी, चालंल का तुमाले?" त्यानं पडल्या पडल्या हात हलवला, करा म्हणून.

हा तिचा डाव होता की खरंच सराव, ते मला अजून कळलं नाही. विचारलं तर हसते.

भावाला खुर्चीवर बसवलं. मी खाटेवर आडवा झालो, भिंतीकडे तोंड करून. चुन्याचे पोपडे नाकाशी. पलीकडे दुकानात माझा पोरगा कोणाला तरी तुरीच्या डाळीचा भाव सांगत होता, अन् शब्द न् शब्द इकडे ऐकू येत होता. एवढं स्पष्ट ऐकू येते हे मला माहीत नव्हतं.

"कसं वाटून राह्यलं?" पोरीनं विचारलं.

मी आवाज बारीक केला. "काही नाई. कटाळा आला."

"कशाचा?"

"असाच. आळस भरला अंगात."

ती काहीच बोलेना. पाठीमागं दोन माणसं बसली आहेत अन् बोलत कोणीच नाही, हे मोठं कठीण असते. मला राहवेना. मी आपला जोडत गेलो, "रात्री रडू येते मले. गावातले लोक नावं ठेवतात, ते आठवते..."

"रडू नाई येत."

आवाज खुर्चीकडून आला. रिकाम्या रांजणातून यावा तसा.

"चुकीचं सांगून राह्यला तू, दादा. रडू आलं असतं त बरं झालं असतं."

मी ताडकन उठून बसलो. "अरे मंग सांग ना लेका! इतके दिवस काय तोंडात मूग धरले होते?"

"काकाजी," पोरगी मला म्हणाली, "तुमी पेशंट हाय. झोपा."

माझ्याच घरात मला झोपा म्हणणारी ती पहिलीच. पण झोपलो बाप्पा. पुढचं ऐकायचं होतं.

"कटाळा नाई तो," भाऊ म्हणाला. थांबत थांबत बोलत होता. "कटाळा आला का दुसरं काही करावं वाटते. मले काहीच वाटत नाई. मिठाचं पोतं पावसात भिजल्यावर कसं होते, दादा? उचलाले गेलं का दुप्पट जड. सकाळी अंग तसं राह्यते. अन् तू दारातून म्हणतो, आळशी."

मी भिंतीकडे पाहत राहिलो. मिठाचं भिजलेलं पोतं मी उचललेलं आहे.

"दिवसभर तसंच राह्यते का ते पोतं?" पोरीनं विचारलं.

त्याची खुर्ची करकरली. "नाई. सांजच्यानं जरा हलकं होते. गाई घरी येतात तवा."

मी म्हणणारच होतो, मग संध्याकाळी दुकानात ये ना, तेव्हाच गर्दी असते. पण पेशंटनं दुसऱ्या पेशंटला काय सांगावं! ती एवढंच म्हणाली, "मग उद्या गाई येतील तवा दारापर्यंत जाऊन पाह्यता का? नुसतं दारापर्यंत. जमलं त जमलं."

तो गेला. दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. मग पोळ्याच्या वेळी पुन्हा भिंतीकडे वळला अन् मी हातपाय गाळले. पोरगी म्हणाली, असं पुढं-मागं होते, मोडलं म्हणू नका. डॉक्टरनं गोळी बदलली. ती आली की आता मी दुकानात जाऊन बसायचो. कान भिंतीकडे राहायचा, पण बसायचो.

दिवाळीत पुतण्या आला तो आईबाबाचीही पुण्याची तिकिटं काढूनच. फराळ झाल्यावर सगळे बैठकीत बसलो. भावसून, म्हणजे भावाची बायको, दाराआड उभी होती, डोक्यावर पदर. माझ्यासमोर ती कधी आली नाही अन् सरळ बोललीही नाही.

"मंग मोठे बाबा," पुतण्यानं मला विचारलं, "कसे हायेत बाबा? नेतो का आता?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. बरा हाय तो, उद्यापासून दुकानात येते, कुठं नेऊ नको. सगळे माझ्याकडे पाहत होते. भाऊही.

"मले काऊन विचारतो? त्याले विचार," मी म्हणालो.

पुतण्याला समजलंच नाही. त्यानं बापाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. भाऊ चकली मोडत बसला होता. एवढ्या वेळात मी चार गिऱ्हाइकं वाटेला लावली असती. पण दात दाबून बसलो.

"इथंच राह्यतो मी," तो शेवटी म्हणाला. "गोळ्या घेतो. ते पोरगी येते, ते येऊ दे." मग माझ्याकडे वळला. "पण काट्यावर नाई बसत आता, दादा. मले ते काम कधीच आवडलं नाई."

सगळी जिंदगी माझ्या बाजूला बसला, अन् हे आज सांगतो! मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण रागापेक्षा मोठं एक नवल होतं, ते तोंडातून बाहेर पडलं.

"मंग तुले आवडते तरी काय?"

"माहीत नाई अजून," तो म्हणाला. "पाह्यतो."

पुतण्यानं मोबाईल काढला. "म्हणजे दोन्ही तिकिटं रद्द करू?"

तेव्हा दाराआडून आवाज आला. "अन् मले कोणी विचारणार हाय का?"

आम्ही तिघेही दाराकडे पाहू लागलो. दोघं बापलेक मग माझ्याकडे पाहू लागले.

"सांग बाई," मी म्हणालो.

"मले जायचं हाय पुण्याले. आठ दिवस. नातवाले पाहून येते. ह्याहीच्या खाण्यापिण्याचं तुमी पाहा, भाऊजी."

पुतण्यानं एकच तिकीट रद्द केलं.