संगणकातून फोन घडवणाऱ्या नसीमबाई

नसीमबाई पठाण यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या चंद्रपूरच्या आमच्या तंत्रनिकेतनातल्या संगणक प्रयोगशाळेत टेबलाखाली बसल्या होत्या. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि मी त्याच दिवशी रुजू झालो होतो. टेबलाखालून आवाज आला, "कोण आहे? जरा बॅटरी धरा बरं इथी." मी वाकून बॅटरी धरली. विभागप्रमुखांची भेट अशी होईल असे वाटले नव्हते. वायर जोडून बाई बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "नवे सर का? चहा झाला?"

बाईंच्या वडिलांचे शिवणयंत्र दुरुस्तीचे दुकान होते. मालकाला स्वतः खोलून पाहता येत नाही असे यंत्र बाईंना कधी पटलेच नाही. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत त्यांनी मुक्त सॉफ्टवेअर आणले. ते कसे लिहिले आहे हे कोणीही वाचावे, बदलावे, इतरांना द्यावे.

मोबाइल आपल्या भागात पोहोचले तेव्हा बाई चामोर्शीकडच्या आरोग्यसेविकांना संगणक शिकवायला जात; कधी मीही सोबत असे. तिथल्या सुनंदाबाईंनी एकदा आपली अडचण सांगितली. दवाखान्यातून येणारे संदेश इंग्रजी अक्षरांत असत आणि ते वाचून घ्यायला त्यांना किराणा दुकानात जावे लागे. "बाई, कोणाले दिवस गेले हे घरच्याइच्या आधी दुकानदाराले मालूम होते," असे त्या म्हणाल्या. 

दुसऱ्या दिवशी नसीमबाईंनी मला बोलावले. "आपल्या संगणकाले मराठी नीट लिहिता येते, जोडाक्षरं येतात, नावं-पत्ते ठेवता येतात. मग हेच सगळं उचलून फोनमध्ये काऊन नाई बसवायचं?" मी हसलो. बाई हसल्या नाहीत. स्वतःची प्रणाली, म्हणजे फोन चालवणारे सॉफ्टवेअर, टाकता येईल असा एक फोन त्यांनी ओळखीतून मिळवला आणि कॉलेज सुटल्यावर आमचे काम सुरू झाले.

संगणकाचे कपडे फोनच्या अंगावर चढेनात. खिडक्या पडद्याबाहेर जात, बटणे बोटाखाली सापडत नसत, फोन सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. बाई एकेक भाग सोडवत, तासत आणि पुन्हा जोडत. मी माझ्याकडून शोभेची भर म्हणून पडद्यावर एक सुंदर काटे फिरणारे घड्याळ लावले. त्याच दिवसांत माझ्या मुलीला टायफॉइड झाला. बाईंनी माझे सगळे तास परस्पर स्वतःकडे घेतले. रमजान चालू होता, तरी संध्याकाळी रोजा सोडून त्या डबा घेऊन दवाखान्यात यायच्या. आभार मानू लागलो तर म्हणाल्या, "पोरीले आधी खाऊ घाला, बोलणं मागून."

पुढे चामोर्शीला सगळ्या सेविकांसमोर फोन दाखवायचा दिवस आला. मी बाहेर जाऊन नंबर फिरवला. फोन काही वाजेना. सुनंदाबाई म्हणाल्या, "दिसते तं साजरा, पण वाजत काऊन नाई?" खोलीभर हशा पिकला. मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. बाई मात्र उठून म्हणाल्या, "चूक आमची आहे. दुरुस्त करून आणतो."

शोध घेतला तेव्हा कारण सापडले. फोनची स्मृती भरली की प्रणाली जागा करण्यासाठी एखादा प्रोग्राम बंद करायची, आणि नेमका कॉल घेणारा प्रोग्रामच बंद करत होती. स्मृती खात होते माझे घड्याळ. बाई हळूच म्हणाल्या, "सर, घड्याळ गजब झालं आहे. पण त्याच्यापायी फोन मरून राह्यला." घड्याळ काढले. कॉलचा प्रोग्राम काही झाले तरी बंद होऊ नये, अशी सोयही बाईंनी केली.

आम्ही पुन्हा गेलो. या वेळी फोन खणखणीत वाजला. मग दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मराठीत संदेश पाठवला. सुनंदाबाईंनी तो ओठ हलवत वाचला, हसल्या आणि फोन पदराआड धरला. आम्ही दोघेही पुढे सरसावलो. "काय लिहिलं आहे?" मी विचारले.

"तुमाले काऊन सांगू?" त्या म्हणाल्या.

नसीमबाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आले. "झालं सर! आपला फोन चालला."

तो फोन बाजारात कधी आला नाही. तसे फोन बनवणारे कोणी मिळाले नाही आणि बाईंनी त्याचे दुःखही केले नाही. त्यांनी केलेल्या दुरुस्त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यांतल्या काही मूळ मुक्त सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या गेल्या, आणि आता कुठल्या कुठल्या गावचे लोक त्या वापरतात हे आम्हालाही ठाऊक नाही.

निवृत्तीनंतर बाई घरच्या ओसरीवर गोंडी अक्षरांच्या कळफलकाचे काम करत आहेत. परवा भेटलो तर म्हणाल्या, "सर, याले अजून पुष्कळ वर्षं लागतील." बाई, ती सगळी वर्षे आपल्याला मिळोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे कुरकुर न करोत, आणि शेजारच्या खुर्चीवर आम्हाला बसू द्या.