दाजींच्या पोवळ्याचा रंग

समुद्राच्या पाण्यावरून आयुष्यात सगळ्यांत जास्त भांडणं केलेला माणूस कोकणात शोधायला जाऊ नका. तो समुद्रापासून दूर, आमच्या दुष्काळी भागातल्या बेंबळीत, खता-बियाण्यांच्या दुकानात बसलेला असतो. ते माझे सख्खे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उन्हाळ्यात टँकरचा भोंगा ऐकून जिथं अख्खी गल्ली घागरी घेऊन पळते, तिथं हे गृहस्थ फिल्टरचं गोड पाणी जारनं विकत आणतात आणि स्वतःच्या हातानं त्यात मीठ कालवतात. तेही किराणा दुकानातलं साधं मीठ नव्हे, पुण्याहून पार्सलनं येणारं खास समुद्री मीठ. गल्लीतली माणसं आधी हळहळली, मग चिडली, आणि आता घरी पाहुणे आले की त्यांना हा प्रकार दाखवायला घेऊन येतात. एकदा जारची अदलाबदल झाली आणि शेतकी खात्यातल्या एका साहेबांना अक्कानं त्याच पाण्याचा चहा दिला. साहेब सज्जन, अर्धा कप प्यायले आणि उरलेला हळूच कुंडीत ओतला. "लोक खाऱ्या पाण्याचं गोडं करायच्या मशिनी बसवायलेत, आन् आमच्या घरात उलटी गंगा," असं अक्का तेव्हापासून येईल त्याला ऐकवते.

हे सगळं कशासाठी, तर पोवळ्यासाठी. बैठकीच्या खोलीत जिथं पूर्वी टीव्ही होता, तिथं आता एक मोठी काचेची टाकी आहे. तिच्यात खडक, खडकांवर जिवंत पोवळी, आणि वर निळा दिवा. समुद्रातून ओरबाडून आणलेलं त्यात काही नाही, पुण्यातल्या एका हौशी माणसानं घरच्या टाकीत वाढवलेली ही कलमं. दिवा लागला की हिरवी, नारिंगी, जांभळी अशी शर्टाच्या गुंडीएवढी तोंडं उघडतात आणि पाण्याबरोबर डुलू लागतात. आमच्या भागात पोवळं म्हणजे अंगठीत घालायचा मंगळाचा खडा, एवढीच माहिती. त्यामुळं मागच्या गल्लीतल्या एक बाई, ज्यांच्या मुलीला मंगळ आहे, एका मंगळवारी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन थेट टाकीपुढं उभ्या राहिल्या. दाजींनी त्यांना अडवलं नाही. फक्त म्हणाले, "वहिनी, कुंकू काचेला बाहेरनं लावा. आत पडलं तर तुमच्या पोरीचं राहू द्या, ह्याचाच मंगळ बिघडंल." कुंकवाचं ते बोट कितीतरी दिवस काचेवर होतं.

पोवळ्याला उकाडा सोसत नाही आणि आमचा वैशाख कुणाची गय करत नाही. त्यामुळं घरातला कूलर टाकीला, इन्व्हर्टर टाकीला, आणि दाजी ओसरीत वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले. तेर गावात माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू, सगळ्यांच्या हातात अक्षता, आणि दाजींच्या खिशातला फोन वाजला. बेंबळीत सकाळपासून लाइट नाही आणि इन्व्हर्टरही बसत आलाय, असा शेजाऱ्याचा निरोप. पुढचं 'सावधान' ऐकायला दाजी थांबलेच नाहीत. हातातल्या अक्षता त्यांनी तिथूनच नवरानवरीच्या दिशेनं भिरकावल्या आणि मोटारसायकलला किक मारली. नंतर सासरवाडीची मंडळी रुसली, तेव्हा त्यांचा खुलासा असा: "आशीर्वाद उशिरा दिला तर रागवावं. म्या तर आगाऊ दिला."

आता ही टाकी काही दाजींच्या डोक्यातून निघालेली नाही. ती माझ्या भाचीची, त्यांच्या एकुलत्या एका लेकीची. कोकणात राहून ती माशांचं शास्त्र शिकली आणि नोकरीची वाट बघत घरी बसली होती, तेव्हा वेळ जाईना म्हणून तिनं ही टाकी उभी केली. मग तिला नोकरी लागली ती अंदमानात. जाताना तिनं वडलांना काय द्यावं, कधी द्यावं, उजेड किती ठेवावा, हे सगळं समजावून सांगितलं. दाजींनी ऐकलं आणि आपल्याला हवं तेच केलं. महिन्याभरात पोवळं मातकट झालं. दुकानात रोज कुणी ना कुणी सोयाबीनचं पान घेऊन येतो आणि दाजी पान बघूनच निदान करतात. पान पिवळं पडलं की नत्र कमी. तोच नियम त्यांनी टाकीला लावला. रंग गेला म्हणजे भूक लागली, म्हणून खाणं वाढवलं. पोवळं आणखी तपकिरी झालं, यांनी आणखी वाढवलं. शेवटी भाची फोनवर ओरडली, "पप्पा, ते सोयाबीन न्हाई! त्याच्या अंगात बारीक शेवाळ असतंय. खत जास्त झालं की ते माजतं आणि मूळचा रंग झाकून टाकतं." "म्हंजी तण म्हण की," दाजी म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्यांना सगळं शास्त्र कळलं. इतकं कळलं, की त्यांनी पोवळ्याला पार उपाशी ठेवलं आणि ते पांढरंफटक पडलं. मग पुन्हा फोन, पुन्हा बोलणी.

खरी मौज या फोनांत होती. त्याआधी बापलेकीचं बोलणं म्हणजे, "जेवलीस का?" "व्हय." "बरं, आईला देतो." दाजींना माया लावता येते, पण बोलून दाखवायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. पोवळं आजारी पडलं आणि या माणसाला कंठ फुटला. पाणी किती बदललं, क्षार किती भरले, उजेड हळूहळू कसा वाढवला, कुठलं तोंड आज उघडलं आणि कुठलं रुसून मिटलं, हे अर्धा अर्धा तास चालायचं. अक्काची भाजी करपायची, कारण तीही दारात उभी राहून ऐकायची. लेक रागवायची आणि दाजींचा चेहरा असा खुलायचा, जसं काही कुणी त्यांचा सत्कारच करतंय.

पण शेवटी दाजी शिकले. माणूस हुशारच आहे. टाकीतलं पाणी स्थिर झालं, शेवाळ आवरलं, रंग परत आला, आणि असा आला की मी आजवर तसा रंग फक्त पैठणीच्या काठात पाहिलाय. भाची खूश झाली. आता विचारण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तिचा रोजचा फोन दोन दिवसांआड आला, मग आठवड्यावर गेला. आणि नेमकं त्यानंतर पोवळं पुन्हा फिकं पडू लागल्याची बातमी माझ्या कानावर आली.

रविवारी मी बेंबळीला गेलो तो पोवळ्याच्या समाचारालाच. बघतो तर टाकी नुसती रसरसलेली! नारिंगी रंग तर काचेबाहेर सांडेल की काय, असा. मी म्हणालो, "दाजी, ह्याला काय झालंय? हे तर फुललंय की." त्यांनी उठून निळा दिवा बंद केला, भिंतीवरची जुनी ट्यूब लावली आणि फोन माझ्या हातात दिला. "पाव्हणं, एक फोटो काढा. जरा फिका येऊ द्या."

मी काढला. ट्यूबच्या उजेडात सगळं खरंच धुतल्यासारखं दिसत होतं. फोटो गेला आणि पाच मिनिटांत लेकीचा फोन आला. पाणी बदला, उजेड कमी करा, उद्या मी पुन्हा विचारते. दाजी आज्ञाधारक पोरासारखे "व्हय, व्हय" म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी निळा दिवा पुन्हा लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमच्या अक्काला सांगू नका." अक्का दारातच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

दिवाळीला भाची येणार म्हणून दाजींनी सारी टाकी लख्ख करून ठेवली होती. वसुबारसेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, तेव्हा मी तिथंच होतो आणि फोन स्पीकरवर होता. रजा मिळाली नव्हती. दाजींनी "बरं" म्हटलं. मग तिनंच विचारलं, "पप्पा, पोवळं कसंय? अजून फिकंच?"

दाजी टाकीकडं बघत म्हणाले, "न्हाई गं पोरी. पोवळ्याला कायबी झालं न्हाई. लई झ्याक रंग आलाय. बघायला तू न्हाईस, एवढंच."

मला वाटलं, आता हा धागा तुटला. एवढे दिवस फसवलं म्हणून पोरगी चिडणार. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय, पप्पा. आजारी पोवळं असं तोंड उघडून बसत न्हाई. फोटोत एकन् एक फुललेलं दिसत होतं."

त्यालाही आता बरेच महिने झाले. तिचा फोन अजून रोज संध्याकाळी येतो. पोवळ्याचं निमित्त संपल्यामुळं दोघांचं बोलणं पहिल्यासारखंच दोन-तीन वाक्यांत आटपतं. जेवलीस का, व्हय, तुमी जेवलात का. पण आता फोन कुणी ठेवत नाही. ती तिच्या खोलीची समुद्राकडची खिडकी उघडते आणि फोन चौकटीवर ठेवून आपलं काम करत बसते. दाजी टाकीसमोर खुर्चीत बसून तिकडच्या लाटा ऐकतात. मध्येच तिकडं भांडं वाजतं, ती कुणाशी तरी बोलते, खोकते. परवा अक्कानं तीनदा हाक मारली, ताट वाढलंय म्हणून. "आलोच," दाजी म्हणाले, आणि फोन कानाला लावून तसेच बसून राहिले.