आत्याच्या तंबूचं दार

आमच्या जुमाना आत्याच्या भाकरीत कायम धूळ. दाताखाली नुसती कचकच. बाकीच्या बायका वाऱ्याच्या उलट बाजूला तंबूचं दार ठेवायच्या, ही एकटी वाऱ्याच्या तोंडाला. "आत्या, पीठ मळलंस की रेती?" असं मी चिडवायचे. "गिळ मुकाट्याने," ती म्हणायची. आता मी होम्समध्ये दगडी घरात राहते, भाकरी कशी स्वच्छ! पण आत्या आठवली की घास उतरत नाही मेला.

यरमूकच्या लढाईत ती ऐन तरुण होती. आम्हा अरबांच्या बायका फौजेच्या मागेच छावणीत असायच्या. रोमी घोडेस्वार अंगावर आले नि आमचे पुरुष माघारी पळत सुटले, तेव्हा बायकांनी तंबूंच्या काठ्या उपसल्या. पळत येईल त्याला बडवायचं! त्यांत आत्याचा नवरा हुरैसही होता. त्याच्या पाठीत काठी घालून ती ओरडली, "कुठे निघालास रे भेकडा? पळून घरी आलास तर दार फिरवीन!"

आमच्यात तंबू बाईचा. नवरा नकोसा झाला की भांडण नाही, तंटा नाही. दाराचं तोंड फिरवायचं. तंबूची पाठ दिसली की त्याने काय ते समजून चालू लागायचं.

"मार हवं तेवढं, पण दार नको गं फिरवू," म्हणत हुरैस हसतच लढाईकडे वळला. फार लाडका होता तिचा.

लढाई आम्ही जिंकलो. संध्याकाळी मैदानाकडून धुळीचे लोट आले. आत्याने घाईघाईने तंबू पुन्हा उभा केला. आत जखमी कण्हत होते. त्यांच्या जखमांत धूळ जाऊ नये म्हणून दार वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवलं. तंबूची पाठ मैदानाकडे झाली, हे त्या धांदलीत कुणाच्या लक्षात येतंय! मग ती हुरैसची वाट बघत बसली.

सकाळी शेजारचा झुरआ म्हणाला, "काल आला होता की तो! तंबूची पाठ बघून थिजलाच. 'मी परत जाऊन लढलो, तरी फिरवलंच तिने दार,' म्हणाला, नि रोमींच्या पाठलागावर निघालेल्या टोळीबरोबर निघून गेला."

"अरे, वारा होता रे!" आत्याने तिथेच बसकण मारली. तिने मागोमाग उंटस्वार धाडला: दार वाऱ्यामुळे फिरवलं, घरी ये. निरोप पोचायच्या आधीच हुरैस त्या पाठलागात मारला गेला होता.

म्हातारपणी धुळीने खोकून खोकून जीव जायचा तिचा. एकदा मी रागावलेच, "आता तरी फिरव ते दार! मेलेलं माणूस परत येतं का?"

"नाही येत. कळतं मला," भाकरीवरची धूळ झटकत ती म्हणाली. "पण आलाच, तर त्याला पुन्हा पाठ दिसायला नको."