चिऱ्याला टाकी लागली नाही

"मामा, ह्या चिऱ्याच्या कडेवरून दोन बोटं दगड काढा. सुरात येईल," सर म्हणाले आणि माझीच टाकी माझ्या हातात दिली. टाकी म्हणजे दगड घडवायची छिन्नी.

मी चिऱ्याकडं बघितलं. मंग सरांकडं.

आम्ही सातपुड्यातल्या एका गुहेत होतो. भिंतीवर गेरूनं काढलेली हरणं, नाचणारी माणसं. हजारो वर्षांची, असं सरांनीच सांगितलं होतं. सर कॉलेजात शिकवायचे. त्या माणसांनी दगड बडवून जे संगीत केलं असंल, ते तिथंच वाजवायचं आणि टेप करायचं, असा त्यांचा प्रोजेक्ट. त्यासाठी ते परतूरला माझ्याकडं आल्ते.

माझा धंदा पाटे-वरवंटे घडवायचा. निरोगी दगड खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. आवाज ऐकूनच दगड घ्यायचा. पण हा कान माझा नव्हता, माझ्या बायकोचा होता, सोजरचा. मी दगड उचलायचा, ती वरवंट्यानं हळू टोला द्यायची. "ठिवा खाली, पोटात तडा हाय." एकदाही चुकली नाही. त्या साली पोळ्याच्या आधी ती गेली. घरात बसवत नव्हतं, म्हणून सरांना हो म्हणालो. तिचा वरवंटा पिशवीत घातला.

निघायच्या आधी तिथं वाजवायला काळ्या दगडाच्या सात लाद्या घडवल्या. मधून तासली की लादीचा आवाज उतरतो, टोक काढलं की चढतो. कापडाच्या दोन चुंबळींवर ठेवली तर बोलते, नुसती भुईवर ठेवली की मुकी. सर पेटी घेऊन शेजारी बसायचे, सा रे ग म जुळेपर्यंत. त्या गुहेतल्या माणसांकडं पेटी होती का? पण दगड माझा होता. गप तासत राह्यलो.

गुहेत तो चिरा मलाच दिसला. तांबडा, दोन खडकांत आडवा अडकलेला, खालून मोकळा. वर वाटीएवढे खळगे, ओळीनं. टाकीचे घाव मी ओळखतो, हे टाकीचे नव्हते. दगडावर दगड मारून मारून पडलेले होते. आमच्या घरच्या पाट्याला सोजरच्या हातानं असाच खोलगा पडलाय. मी तिचा वरवंटा काढला आणि एका खळग्यात टोला दिला. आवाज तळपायातून वर आला.

"वा मामा! हेच पाहिजे!" सर पळत आले. मंग पेटी लावली. चिऱ्याचा सूर पेटीतल्या कुठल्याच सुराला जुळेना.

"बेसूर आहे," सर म्हणाले. आणि टाकी दिली.

"हे न्हाई जमायचं, सर."

"अहो, चित्राला धक्का लागणार नाही."

"चित्र त्या जुन्या माणसांचं, मंग चिरा कोणाचा? तुमच्या बापानं आणून ठिवला का?"

"तोंड सांभाळा. सात लाद्या तासताना काही बोलला नाहीत."

"त्या माझ्या व्हत्या. पेटी बाजूला ठिवा आन् हा वाजतो तसा घ्या."

"लोकांना बेसूर ऐकवू?"

"हा तुमच्या पेटीच्या आधीपासून वाजून राह्यला. तवा कोणी तक्रार केली न्हाई!"

सरांनी टाकी हिसकली. "मग मीच काढतो."

मी चिऱ्याच्या कडेवर पंजा ठेवला. "मारा. आधी माझी बोटं काढा."

त्यांनी टाकी फेकली आणि माईक माझ्या लाद्यांपुढं लावला.

पुढं जालन्याला एका हॉलमधे ती टेप वाजवली. आदिम संगीत म्हणे! शाळेतल्या प्रार्थनेसारखं बराबर सुरात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या लाद्यांना, कालच्या दगडांना! मी उठून बाहेर आलो.

चिऱ्याचा आवाज त्या टेपमधे नाही. चिरा मात्र शाबूत आहे. दगडातून काढलेलं परत घालता येत नाही, हे चारच बुकं शिकलेल्या मला कळतं, आणि एवढ्या शिकलेल्या सरांना कळलं नाही. सोजर तिथं असती तर एका टोल्यात सांगितलं असतं, तडा कोणाच्या पोटात आहे ते.