पाठीतली गोळी

दौंड स्टेशनवर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, माझी ट्रंक डब्यात ढकलली आणि खिडकीच्या गजातून माझं मनगट धरलं. "लई पुढं पुढं करू नको. आन् मागं बी राहू नको," एवढंच म्हणाले. दोन्ही एकदम कसं करायचं हे विचारायचं राहिलं, गाडी हलली. समोरच्या बाकावर वरवंडचा सोपान होता. तोही भरतीत निवडलेला, माझ्यासारखाच मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी कोरड्या डोळ्यांनी माझं गाव निमोणं सोडलं, आणि हा पठ्ठ्या सासरी निघालेल्या लेकीसारखा ढसाढसा रडत होता. मी त्याला हसलो. पुढं सहा वर्षं आम्ही एकाच पलटणीत, एकाच ताटात जेवलो.

निमोण्यातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून शिक्रापुरात भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांनो, कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीच्या ड्रेसमध्ये लंगडणारा मी तुम्हाला ठाऊक आहे. पंधरा ऑगस्टला मॅनेजरसाहेब मला पुढं बोलावतात, टाळ्या होतात. त्या टाळ्यांची मला चीड येत असे. का, ते सांगतो.

नव्याण्णवचा उन्हाळा, कारगिलचे डोंगर. शत्रू वर, आम्ही खाली. तो वरून रस्त्यावरच्या आपल्या ट्रकांवर गोळे टाकायचा. रसदीचा तो रस्ता तुटला असता तर पुढच्या ठाण्यांवरची पोरं उपाशी मेली असती. भाषणात सगळे देश म्हणतात, आणि खरंच आहे ते. पण आमच्या डोळ्यांपुढे तो रस्ता होता आणि स्टिअरिंगवर जळालेले ड्रायव्हर होते.

त्या रस्त्यावरचा एक डोंगर घ्यायला आम्ही रात्रभर चढत होतो. उजाडता उजाडता वरून मशिनगन सुरू झाली. माझ्या पुढच्या हवालदाराचा जबडा उडाला. तो हातानं जबडा चाचपत खाली बसला आणि तसाच आडवा झाला. शेजारच्याचं पोट फाटलं, तो आतडी गोळा करत आईला हाका मारत होता. मग गोळा फुटला आणि माझ्या मांडीचं हाड बाहेर आलं. सोपान सरपटत माझ्याकडे आला. जखमी माणसाला जमिनीलगत फरफटत न्यायचं, डोकं वर काढायचं नाही, असं आम्हाला घोटून घोटून शिकवलं होतं. त्यानं तसंच ओढलं. हाड दगडाला घासलं आणि मी गुरासारखा ओरडलो, "वढू नको! तुझ्या पाया पडतो, वढू नको!"

तेव्हा तो उभा राहिला. पाय मोडलेलं मेंढरू आपण उचलतो ना, तसं त्यानं मला मानेवर आडवं टाकलं, माझा एक हात आणि शाबूत पाय छातीवर आवळून धरला आणि उतार उतरू लागला. वीसेक पावलं झाली असतील. मागून त्याच्या बरगडीखाली गोळी घुसली. दोघंही कोसळलो. त्याच्या तोंडातलं गरम रक्त माझ्या गळ्यावर सांडलं. "लागलं का रं तुला?" त्यानं विचारलं. मी उत्तर देईपर्यंत तो संपला होता. बाकीच्यांनी मला खाली आणलं. दोन दिवसांनी आपल्या लोकांनी तो डोंगर घेतला, रस्ता मोकळा झाला.

वर्षभर दवाखान्यात काढून मी वरवंडला गेलो. सोपानच्या वडिलांनी, आबांनी, विचारलं, "कसा गेला?" माझ्या ओरडण्यापायी तो उभा राहिला, हे मला सांगवेना. मी म्हणालो, "शत्रूवर चालून गेला, आबा. छातीवर गोळ्या झेलल्या." पुढं दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला मी शिक्रापूरहून वरवंडला जायचो आणि माईकवर हेच सांगायचो. लोक जयजयकार करायचे, आबा खाली बघत बसायचे.

सहाव्या वर्षी कार्यक्रम झाल्यावर आबांनी मला घरी नेलं, दार लोटलं. "आता खरं सांग. पेटी आली तवा मीच त्याला न्हाऊ घातलं. छाती साफ व्हती. गोळी पाठीत व्हती."

म्हणजे सहा वर्षं हा म्हातारा पोराच्या फोटोला हार घालत होता आणि मनात त्याला पळपुटा समजत होता. माझ्यामुळं! मी सगळं सांगितलं, माझं ओरडणंसुद्धा.

"मानंवर टाकलं? उभ्यानं?"

"व्हय आबा."

"मीच शिकिवलं त्याला तसं उचलायला," ते म्हणाले आणि भिंतीला टेकले. मला वाटलं, आता हेही ओझं मी त्यांच्यावर टाकलं. पण ते ताडकन उठले, आतल्या दाराशी जाऊन ओरडले, "आगं ऐकलंस का? आपलं पोर पळत न्हवतं! ह्याला घिऊन येत व्हतं!" आत भांडं पडलं. माऊली बाहेर आली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली. आबांनी मात्र माझी गचांडी धरली. "सहा वर्सं लावली व्हय रं हे सांगाया, मुडद्या?" म्हणत दोन सणसणीत ठेवून दिल्या आणि मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.

निमोण्यात मला मान आहे, शिक्रापुरात पगार आहे. पण पाहुण्याला कुणी असं मारत नाही, घरच्या पोरालाच मारतात. गालाची आग होत असताना मला पहिल्यांदा वाटलं, लढाईवरून आपण आत्ता घरी आलो.