मान सैल सोडा, मामा

हौसामामा न्हाव्यापुढं बसले तरी आरशातून वस्तऱ्यावर नजर ठेवतात. डेअरीवर दूध घातलं की काट्यावरचा आकडा स्वतः वाचतात. मी त्यांचा सख्खा भाचा, पण माझ्या मोटारसायकलवर बसण्याआधी चाकातली हवा दाबून बघतात. वडगाव रासाईत असा मुलखाचा संशयी माणूस दुसरा सापडायचा नाही.

मागं एकदा दुधाची फॅट कमी लागली. मामांनी डेअरीवाल्याला सोडलं आणि घरी येऊन सोजरामामींना विचारलं, "पाणी घातलंस का?" त्या दिवशी निम्म्या गावाची फॅट कमी लागली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तरी मामांनी आपली चूक कबूल केली नाही. मामींनी तेव्हापासून चंद्रीच्या कासेला हात लावला नाही. चंद्री म्हणजे आमची म्हैस, पारडी असल्यापासून मामींनीच वाढवलेली. हे आठवलं की मला मामांचा आजही राग येतो.

यंदा मामांचा उजवा हात धरला. मानेतून कळ निघायची ती दंडातून थेट अंगठ्यापर्यंत. बोटांना मुंग्या यायच्या, धार काढायला मूठ वळेना; डाव्या हातानं कशीबशी उरकायचे. मामांनी निकाल दिला, "हात न्हाई सुधारला तर म्हस इकून टाकू." घरात धार काढणारं दुसरं माणूस आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! व्यापारी येऊन चंद्रीचे दात बघून गेला. मामी चुलीकडं तोंड करून बसून राहिल्या.

मी मामांना शिरूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, मानेत शीर दबलीय, आधी व्यायाम करून बघू. त्यांनी सुफिया मॅडमकडं धाडलं. त्या फिजिओथेरपीवाल्या.

"दुखतंय हाताला आन् ही बाई मान चाचपती," मामा माझ्या कानात कुजबुजले. "काय तरी डाव हाय."

मॅडमनी त्यांना उताणं झोपवलं आणि डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं. "मामा, मान सैल सोडा."

"सोडलीया की."

"नाही सोडली. डोकं अजून तुम्हीच धरलंय. डोळे मिटा बरं."

"मिटलं तर तुम्ही काय करताय ते मला कसं दिसंल?"

मग त्यांनी विचारलं, रात्री झोपता कसे? "सरळ, उताणा," मामा ठासून म्हणाले. बाहेर आल्यावर मला विचारतात, "माझ्या झोपंची चवकशी कशापायी करती ही?"

मॅडमनी घरी करायला व्यायाम दिले. हनुवटी सरळ मागं घ्यायची, खांद्याची पाती जवळ ओढायची, हात हळूहळू लांब करायचा. मामा दार लावून करायचे, तेही अर्धेमुर्धे. काही आठवडे गेले, मूठ काही वळेना. "फसवाफसवी हाय समदी. व्यापाऱ्याला सांगावा धाड," ते म्हणाले.

पुढच्या वेळी शिरूरला निघालो, तर मामी न विचारताच शिरूरच्या वडाप जीपमध्ये येऊन बसल्या.

मॅडमनी झोपेचं पुन्हा विचारलं. मामा तोंड उघडायच्या आत मामी बोलल्या, "उताणं कुठलं? ओसरीवर उजव्या कुशीवर पडत्यात. हात डोक्याखाली, मान वर काढून. रोजच. तोंड गोठ्याकडं."

"गोठ्याकडं कशाला?"

"मी म्हशीपाशी जाती का, ते बघाया."

मामा भिंतीकडं बघू लागले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुफिया मॅडम हसल्या नाहीत की त्यांनी उपदेशही केला नाही. एक स्टूल ओढून म्हणाल्या, "मामी, इथं बसा. माझ्या हातांवर लक्ष ठेवा. मी काही वेडंवाकडं केलं तर लगेच थांबवा. मामा, राखण मामी करतायत. तुम्ही आता डोळे मिटा."

मामांनी मामींकडं पाहिलं. "बघशील नव्हं?"

"बघती."

मामांनी डोळे मिटले. जरा वेळानं मॅडमचे तळवे गादीत रुतले. "आत्ता आलं डोकं माझ्या हातात," त्या हळूच म्हणाल्या. मामींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायलासुद्धा त्यांनी नजर हलवली नाही.

त्या संध्याकाळी मामा डाव्या हातात बादली घेऊन चुलीपाशी आले. "धार तू काढ."

"आन् फॅट कमी लागली तर?"

"लागू दे."

व्यापारी आल्या पावली परत गेला. मामा घरात झोपू लागले, व्यायाम ओसरीवर, उघड्यावर करू लागले. मूठ एका दिवसात नाही वळली. मॅडमनी मान हलकेच ओढत, मोकळी करत राहायचं आणि मामांनी घरी नेम चुकवायचा नाही, असं चाललं, तेव्हा कुठं हात हळूहळू सुधारला. आता सकाळची धार मामा काढतात, संध्याकाळची मामी.

न्हाव्याच्या वस्तऱ्यावर त्यांची नजर अजून असते, माझ्या चाकातली हवाही ते अजून तपासतात. पण संध्याकाळी मामी बादली घेऊन गोठ्यात शिरल्या की मामा ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसतात आणि हनुवटी मागं घेत राहतात.