दुपट्टा डाव्या खांद्यावर

कामरगावच्या व्हॉलीबॉलचा इतिहास कधी कुणी लिहायला घेतलाच, तर त्याचं पहिलं प्रकरण माझ्या साडभाऊंवर असेल आणि शेवटचंही. मधल्या प्रकरणांत कदाचित खेळाडूंची नावं येतील. साडभाऊंनी स्वतः आयुष्यात चेंडूला हात लावला तो दोनदा. एकदा तो त्यांच्या अंगणात आला म्हणून, आणि दुसऱ्यांदा तो परत आला म्हणून. पण खेळता येणं आणि खेळ कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांचं मत होतं, आणि गावातली बरीच पोरं खेळताना पाहिली की ते मत मलाही पटायचं.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेतजमिनींचे मोजणीदार म्हणून त्यांनी उभी हयात काढली. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हातघाईवर आलेले भाऊ त्यांनी निव्वळ साखळी टाकून शांत केलेत, असं ते सांगतात. नोकरी संपली पण मोजणी संपली नाही. माझ्या लग्नात हार घालायच्या ऐन वेळी त्यांनी स्टेजची लांबी काढली आणि नवरा-नवरी मध्यापासून तीन इंच पूर्वेला उभे आहेत, असं जाहीर केलं. आम्ही सरकलो. संसार बरा चालला याचं थोडं श्रेय ते आजही स्वतःकडे घेतात. निवृत्तीनंतर त्यांनी कारंज्याच्या बाजारातून एक लोखंडी टेप घेतला. विहारामागच्या मैदानावर रोज संध्याकाळी खेळ सुरू होण्याआधी ते त्या टेपनं जाळी मोजत. जाळी रोज एक बोट वर निघे. पोरं दोरी सैल करून ती एक बोट खाली घेत आणि साडभाऊ बाकावर जाऊन बसले की पुन्हा होती तिथं नेत. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

ते बाक सिमेंटचे. ज्यांच्या निधीतून ते आले त्यांचं नाव पाठीवर इतकं मोठं कोरलंय की पाठ टेकली तर अंगावर उमटावं. त्या बाकांवर रोज आठ-दहा जण बसत आणि संघ चालवत. संघाला रीतसर प्रशिक्षकही होते, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर. ते मैदानाच्या पलीकडच्या कडेला खुर्ची टाकून एकटेच बसत. मला वाटतं, पलीकडची कडा त्यांनी विचार करूनच निवडली होती.

पूर्वी साडभाऊ बाकावरून ओरडून सल्ला देत. मग एका सामन्यात पंचांनी खेळ थांबवला आणि "काका, तुमी एकतर शिट्टी घ्या नाहीतर घर गाठा," असं सगळ्यांदेखत सांगितलं. तो अपमान त्यांनी महिनाभर मनात मोजला आणि त्यातून दुपट्ट्याची पद्धत काढली. त्यांच्या खांद्यावर पांढरा दुपट्टा कायम असे. तो उजव्या खांद्यावर असला तर सगळं ठीक. डोक्याला गुंडाळला तर टाइमआउट घ्या. डाव्या खांद्यावर गेला तर लिफ्टर बदला. ही सांकेतिक भाषा त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत सरांना समजावून सांगितली. सरांच्या तोंडात तेव्हा बुंदी होती, म्हणून त्यांनी मान हलवली. करार पक्का झाला. हे गुपित तिसरा मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. दर रविवारी मी कारंज्याहून येऊन त्यांच्या शेजारी बसे, आणि दुपट्टा डोक्यावर गेला की पाच-सात मिनिटांत कधीतरी टाइमआउट होई. उशीर झाला तर साडभाऊ म्हणत, "सर माणूस विचारी आहे. लगेच नाही घेत."

लिफ्टर बदलण्याचा संकेत वेगळा ठेवायला कारण होतं. व्हॉलीबॉलमध्ये पहिल्यानं चेंडू उचलायचा, दुसऱ्यानं जाळीपाशी वर चढवायचा आणि तिसऱ्यानं हाणायचा. टाळ्या तिसऱ्याला मिळतात, पण कुणी हाणायचं हे दुसरा ठरवतो. तो दुसरा म्हणजे लिफ्टर. साडभाऊ सांगत, "लिफ्टर म्हंजे घरातली कर्ती बाई. कोणाले किती वाढाचं, थे तिनंच पाहाचं. तिचं डोकं फिरलं का सारी पंगत उपाशी." गावचा जुना लिफ्टर बारा वर्षं ही पंगत वाढत होता. त्याचे गुडघे वाजायचे, पण वाढप चोख. मग सरांनी एका संध्याकाळी सांगितलं की मंगरूळपीरच्या स्पर्धेत सुगत लिफ्टर खेळेल.

सुगत एकोणीस वर्षांचा, संघात पहिलंच वर्ष. हात असे मऊ की चेंडू त्याच्या बोटांवर येऊन थांबल्यासारखा वाटे. पण त्याला एक खोड होती. तोंड पुढे करून तो चेंडू न पाहता डोक्यावरून मागे देई. समोरचे तिघं एका बाजूला उड्या मारत आणि चेंडू दुसऱ्याच बाजूला जाई. कधीकधी आपल्याही माणसाला पत्ता नसे. त्या संध्याकाळी बाकांवर जी चर्चा झाली तशी मी सरपंचाच्या निवडणुकीतही ऐकली नाही.

"पोरात दम आहे, पण मोठ्या मॅचले कोवळं पोरगं घालाचं?" एकानं विचारलं.

"मंग काय म्हातारं झाल्यावर घालाचं?" दुसरा म्हणाला. "जुन्याचे गुडघे तं गेटावानी वाजते."

"वाजू दे ना. बॉल तं जाग्यावर देते!"

साडभाऊ उठले. "जिकडं पाहून नाही राह्यलं तिकडं बॉल देते हे पोरगं. आमी अशी मोजणी केली असती तं धुऱ्याधुऱ्यावर मुडदे पडले असते." मग मैदान ओलांडून ते सरांकडे गेले आणि मी मागोमाग. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "साहेब, पोरगं चुकल. चुकू द्या ना त्याले. न चुकता कोण शिकलं?" सुगत तिथंच जाळीची दोरी बांधत होता. साडभाऊ त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुह्यावर मले काडीचा भरवसा नाही, पाह्य. तोंडावर सांगून देतो." सुगत हसला आणि म्हणाला, "बाबा, दोरी एवढ्यावरच बांधू का?" साडभाऊंनी टेप काढला. जाळी एक बोट वर होती.

त्यानंतर महिनाभर ते सुगतचा प्रत्येक चेंडू मोजत होते. वहीत त्यांनी दोन रकाने केले होते, पाहून दिलेले आणि न पाहता दिलेले. वही ते मला दाखवत नसत. आठ दिवसांनी ती दिसेनाशी झाली. पंधरा दिवसांनी सुगतनं मागे दिलेल्या एका चेंडूवर त्यांच्या तोंडून "वा" निघालं आणि त्यांनी लगेच खोकून घेतलं. मला त्यांना पाहण्यात गंमत वाटायची. ही माझी जुनी खोड. समोरचा माणूस काय भोगतोय यापेक्षा तो सांगायला किती चांगला आहे, हे मला आधी दिसतं.

मंगरूळपीरला आम्ही दोन जीपगाड्यांनी गेलो. साडभाऊंनी तिथलीही जाळी मोजली, ती एक बोट वर असल्याचं आयोजकांना कळवलं, आणि आयोजकांनी चहा देऊन त्यांना बसवलं. अंतिम सामना दुपारी होता, मंगरूळपीरच्याच संघाशी. एक सेट त्यांचा, एक आमचा. तिसरा पंधराचा, आणि त्यात आम्ही तेरा-बारानं मागे. सुगतनं आदल्याच गुणाला जाळीवर उडी मारून एक जबर फटका अडवला होता. आता चेंडू त्याच्याकडे वाकडातिकडा आला. सगळं मंगरूळपीर उजवीकडे सरकलं. सुगतनं वर पाहिलं आणि न वळता चेंडू डोक्यावरून डावीकडे सोडला. तो इतक्या निवांतपणे गेला की जणू त्याला तिकडे कुणी जेवायला बोलावलं होतं. फटका मोकळ्या मैदानात पडला. तेरा-तेरा.

साडभाऊ उभे राहिले, मग बसले. मी पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "धूळ गेली," ते म्हणाले, आणि उजव्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि कुठं ठेवतोय याचं भान न राहून तो डाव्या खांद्यावर टाकला.

मी ते पाहिलं होतं. हात लांब करून दुपट्टा खाली ओढायला मला एक क्षण पुरला असता. पण मी मनातल्या मनात हा प्रसंग घरी कसा सांगायचा याची वाक्यं जुळवत होतो. पलीकडे सर उठले आणि पंचांना हात दाखवला. सुगत बाहेर आला, जुना लिफ्टर आत गेला. पुढचे दोन्ही गुण गेले.

परतताना जीपमध्ये सुगत मागच्या बाकावर उजवा हात गमछ्यात गुंडाळून बसला होता. साडभाऊ पुढे बसले होते. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी ते माझ्याकडे कारंज्याला आले. जयभीम झाला, पाणी झालं, चहा निवला. मग म्हणाले, "साडभाऊ, माह्यानं पोराचं वाटोळं झालं. जिंदगीत पहिल्यांदा त्याच्यावर भरवसा बसला, अन् त्याच टायमाले मी त्याले काढलं."

"तुम्ही कुठं काढलं? दुपट्टा चुकून गेला. सांगून टाका ना त्याला तसं."

"काय सांगू? मोजणीदार रडला म्हणून?" आणि त्यांनी मला बुद्धमूर्तीसमोर उभं करून सुगतला यातलं काही सांगायचं नाही, अशी शपथ घातली.

त्यानंतर ते मैदानावर यायचे बंद झाले. दुपट्टा घरी खुंटीवर गेला. सुगतला पुण्याकडे एका कंपनीत काम मिळालं आणि तो निघून गेला, तो यांच्या लेखी यांच्यामुळेच. त्यांची बायको, म्हणजे आमची ताई, मला म्हणाली, "भाऊजी, हे आजकाल पोळपाटसुद्धा मोजत नाहीत. मले भेव वाटते."

वर्ष उलटल्यावर सुगत मला कारंज्याच्या स्टँडवर भेटला. हातात बॅग होती, आणि बॅग धरणाऱ्या हाताचं मधलं बोट वाकडं. मी विचारलं. "थेच की," तो म्हणाला. "फायनलले ब्लॉक मारला तवा उतरलं. एक लिफ्ट कशीतरी देली, मंग मीच सरले म्हटलं, मले काढा. नीट बसलंच नाही नंतर. आता लिफ्ट नाही होत." मग म्हणाला, "बाबा ग्राउंडवर येत नाहीत म्हणते? थे बोलत तं बरं वाटे. कोणीतरी एकेक बॉल मोजून राह्यलं असं वाटे. माह्याबद्दल कधी काही म्हणाले का हो?"

शपथ होती. मी म्हटलं, "म्हणत असतात." त्याची गाडी लागली. मी त्याला याहून जास्त काही देऊ शकलो असतो.

तसाच कामरगावला जाऊन मी सरांना गाठलं आणि दुपट्ट्याचं विचारलं. "कोणता दुपट्टा?" सर म्हणाले. "मले खुर्चीवरून मैदानाच्या पलीकडचं कुठंच धड दिसत नाही. म्हणून तं पोरं मले स्कोर सांगते."

मग मी साडभाऊंकडे गेलो. सुगतच्या बोटाचं सगळं सांगितलं. त्यांनी खुंटीवरच्या दुपट्ट्याकडे पाहिलं. "म्हंजे सरनं माहा दुपट्टा पाहून नाही काढलं त्याले?"

"नाही."

"अन् बाकीच्या टायमाले? इतकी वर्षं?"

मी खोटं बोललो. "बाकीच्या वेळी पाहतच होते."

त्यांनी सुस्कारा टाकला. "मंग मी रडलो थे फुकटच गेलं."

बुद्ध पौर्णिमेला सुगत सुट्टीवर आला. संध्याकाळी मैदानावर नवीन पोरं जाळी बांधत होती, नवीन लिफ्टर चेंडू भिंतीवर मारून पाहत होता आणि सुगत कडेला उभा होता. साडभाऊ आले. दुपट्टा उजव्या खांद्यावर, खिशात टेप. मी मनात म्हटलं, आता बोलतील. त्यांनी टेप काढला, त्याचं टोक सुगतच्या हातात दिलं आणि म्हणाले, "धर खाली, जमिनीले." सुगतनं वाकड्या बोटानं टोक दाबून धरलं. साडभाऊंनी वरचा आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि जाळीकडेच पाहत म्हणाले, "त्या दिवशी मंगरूळले जाळी एक बोट वर होती. तरी जमली तुले थे लिफ्ट."

सुगत खाली बसलेलाच होता. त्यानं वर पाहिलं नाही. "हो बाबा," तो म्हणाला. "वरच होती."

नंतर ते दोघं बाकावर जाऊन बसले आणि टेप माझ्या हातात राहिला. गुंडाळताना पाहिलं, त्याचं पहिलं बोटभर टोक केव्हाचंच तुटलेलं आहे.